जिभाऊंच्या तीन पैलवान गाड्या

समोरच्या दारातले जिभाऊ आमच्याकडे आले की आधी टीपॉय ताब्यात घ्यायचे. माझा चष्म्याचा डबा, टीव्हीचा रिमोट आणि आमच्या ह्यांचा चहाचा मग अशा तीन वस्तू ओळीनं मांडायच्या, त्यांच्यावरून दोन्ही तळहात हवेत फिरवायचे आणि म्हणायचं, "घ्या, माल उघडून ठेवला. आता तुम्ही सांगा."

माल म्हणजे अमेरिकन गाड्या. रिमोट म्हणजे मस्टँग, चष्म्याचा डबा म्हणजे कॅमारो आणि मग म्हणजे चॅलेंजर. मगात चहा असला तरी तो चॅलेंजरच. ह्यांनी घोट घ्यायला हात पुढं केला की जिभाऊ अडवायचे, "थांबा साहेब, अजून डिकीचं राहिलं."

तिकडे ह्या गाड्यांना मसल कार म्हणतात म्हणे. जिभाऊ पैलवान गाड्या म्हणायचे. आता सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत पार्किंगला उभ्या असतात त्या स्कुटी, चार-दोन छोट्या मोटारी आणि एक कायमचा पंक्चर टेम्पो. इथं पैलवान गाडी घेणार कोण? पण जिभाऊ समोरच्या माणसाकडे असं बघायचे, की जणू तो खिशात पैसे घेऊनच आलाय आणि फक्त रंग ठरायचा राहिलाय.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबरोबर खरेदीला गेलं की दुकानं भरपूर बघून होतात आणि हात रिकामे राहतात. जिभाऊ तर पेशानंच कापडाचे दलाल. अमळनेरकडचे. लहानपणी बापाबरोबर इथल्या लिंबायत भागात आले, मागावर काम केलं, मग मार्केटात शिरले ते तिथलेच झाले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी साड्यांचे कातरलेले तुकडे. खानदेशात मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात, तसं सगळं मार्केट त्यांना जिभाऊ म्हणायचं. खरं नाव बहुतेक फक्त लाइटच्या बिलाला माहीत असावं.

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या वेळी मी हौसेनं त्यांच्याबरोबर साडी घ्यायला गेले होते. त्यांनी एक साडी उघडली, तिचे गुण सांगितले. मग दुसरी उघडली आणि पहिलीचे दोष सांगितले. तिसरी उघडल्यावर मला पहिल्या दोघींची दया यायला लागली. "जिभाऊ, तुम्ही सांगा ना कोणती घेऊ," म्हटलं, तर कानाला हात लावून म्हणाले, "दलालानं कौल द्यायचा नसतो बाई. माल उघडायचा आणि गप्प बसायचं. आपण 'हीच घ्या' म्हटलं आणि उद्या रंग गेला, तर शिव्या आपल्याला." शेवटी मी जुनीच साडी नेसून लग्न उरकलं.

मी शिक्षिका. पोरांनी एका वाक्यात उत्तर दिलं नाही की मला राग येतो. त्यामुळे दर रविवारी सकाळी हा माणूस दारात दिसला की माझ्या कपाळावर आठी चढायची आणि आमचे हे मात्र खुलायचे. ह्यांना बँकेत कोणी एवढ्या आदरानं काही विचारत नाही.

पण जिभाऊंना हे गाडीचं खूळ कुठून लागलं, ते सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होणार नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी पूनम. माझ्याच हाताखाली चौथी झाली, चुणचुणीत पोर. पुढं कॉलेजातल्या एका सुरती गुजराती मुलाशी तिनं लग्न केलं. जिभाऊंचा सारा दिवस गुजराती माणसांत जायचा, त्यांच्या ताटात जेवायचे, त्यांच्या लग्नांत नाचायचे, पण जावई गुजराती म्हटल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली. नोंदणी लग्नाला पूनमची आई एकटी गेली. मग ती दोघं अमेरिकेला गेली, कुठल्याशा बर्फाच्या गावी. आई होती तोवर फोन चालू होते. जिभाऊ शेजारच्या खोलीत पेपर उलटासुलटा करत सगळं ऐकायचे. आई गेली आणि फोन जिभाऊंच्या हातात आला.

"जेवलीस का?" "हो आबा." "थंडी आहे का?" "आहे." "बरं." एवढं झालं की फोन बंद. जावयाचं नाव तर निघायचंच नाही. "बाई, तिच्याशी काय बोलू?" ते मला विचारायचे. "बोलायचं ते सगळं तिची आईच बोलायची."

आणि एका रविवारी पूनमनं विचारलं, "आबा, मला गाडी घ्यायचीय. दणकट, जोरात आवाज करणारी. इथं तीन आहेत. कोणती घेऊ?"

झालं! त्या दिवशी जिभाऊ जवळजवळ धावत आमच्याकडे आले. पोरीनं काहीतरी विचारलं होतं. दुकानात तीन साड्या मागितल्यासारखं विचारलं होतं, आणि ते काम तर त्यांना जन्मभर येत होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून, इंग्रजी कळत नसेल तिथं ह्यांना अर्थ विचारून, त्यांनी तिन्ही गाड्यांचा पार धागा न् धागा उसवला. मस्टँग अंगानं आटोपशीर, नजरेत भरणारी, पण मागची सीट नावाला. कॅमारो वळणावर सगळ्यात गुणी, पण तिच्या खिडक्या कोनाड्याएवढ्या, आत बसलं की बाहेरचं जग अंदाजानं ओळखायचं. चॅलेंजर पन्न्याला रुंद, ऐसपैस, डिकीत बाजरीचं पोतं आडवं राहील, पण वजन म्हशीचं आणि तहानही म्हशीची.

"मग चॅलेंजर घ्यायला सांगा," हे म्हणायचे.

"पण साहेब, वळणावर?"

"मग कॅमारो."

"आणि मागचं दिसायला नको?"

"मग मस्टँग घ्या हो!"

"घ्या की. पण बर्फात मागची चाकं फिरायला लागली तर? चारही चाकांना जोर त्या चॅलेंजरच्याच एका प्रकारात मिळतो म्हणतात." आणि पुन्हा मगाकडे हात. ह्यांचा चहा गार. माझं डोकं गरम.

रिक्षात बसले तरी तेच. लिंबायतला जाताना एकदा मीही सोबत होते. रिक्षावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मागं वळून विचारलं, "काका, अपने रोड पे कौनसी चलेगी?" जिभाऊंनी बराच विचार केला. "एकही नाही," म्हणाले, "तिन्ही बुडाला घासतील." इतकं स्पष्ट उत्तर मी त्यांच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही.

मध्येच पूनमनं सांगितलं, की ह्यातल्या दोन गाड्या आता कंपन्यांनी बनवायच्याच बंद केल्यात, नवी मिळते ती मस्टँग. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा! कसलं काय. जिभाऊ दुप्पट उत्साहानं आले. आता नवी मस्टँग विरुद्ध जुनी कॅमारो विरुद्ध जुनी चॅलेंजर. "बंद झालेल्या डिझाइनला मागून भाव येतो बाई. आणि जुनी घेतली तर कोणाच्या हातची, ते बघायला नको?" टीपॉयवरच्या वस्तू वाढल्या. माझी पट्टीसुद्धा गेली.

मी वैतागून म्हटलं, "जिभाऊ, सांगून टाका ना एकदाचं! कोणतीही घे म्हणावं. पोरगी चालत फिरतेय का तिकडं?"

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सांगून टाकतो हो. पण मग पुढच्या रविवारी तिच्याशी काय बोलू?"

गाडी ठरली की फोन संपला, अशी त्या माणसाला भीती होती. मी आत जाऊन ह्यांच्यासाठी दुसऱ्या कपात चहा ओतून आणला. टीपॉयवरचा तो मग चॅलेंजर म्हणून जागीच राहू दिला.

खरी पैलवान गाडी जिभाऊंनी एकदाच पाहिली. बारडोलीच्या एका ऊसवाल्याच्या घरी लग्न होतं आणि वरातीसाठी कुठूनशी मस्टँग आणलीय असं मार्केटात कळलं. जिभाऊ ह्यांना घेऊन, आमंत्रण नसताना, थेट मांडवात. मालक मोठ्या मनाचा निघाला. "चलाववी छे, काका?" म्हणून किल्ली पुढं केली. जिभाऊंनी किल्लीला हात लावला नाही. वाकून, अंग चोरून मागच्या सीटवर जाऊन बसले. "पुढं बसणारा बसतोच हो. मागच्याकडे कोण बघतं?" गुडघे हनुवटीला लागलेले, टोपी छताला. बाहेर काढायला दोन वऱ्हाडी लागले. हे आठवून आठवून हसतात, पण घरी येताना जिभाऊ सगळ्या वाटेत स्वतःच्या गुडघ्यापुढची जागा वितीनं मोजत होते म्हणे.

पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर पूनमला विचारलं, "पुढची सीट मागं सरकवावी लागेल का? म्हणजे... त्याची उंची किती?"

त्याची. लग्नानंतर पहिल्यांदा तो माणूस त्यांच्या बोलण्यात आला होता. जिभाऊंनी हे आम्हाला फार सहज सांगितलं, पण सांगताना रिमोट उगाच सरळ करत होते. "सहा फुटाला थोडा कमी," म्हणाले. "कॅमारो बाद करावी लागेल बहुतेक." त्यांनी काही बाद केलं असेल तर जावयासाठी, एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नाशिकला माझ्या माहेरी गेलो. परत आलो त्या रविवारी जिभाऊ आलेच नाहीत. मीच दार वाजवलं. खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, फोन मांडीवर.

"पूनमचा फोन?"

"येत नाही बाई. मी लावला तर 'कामात आहे आबा' म्हणते आणि ठेवते. माझं काय चुकलं, तेच समजत नाही. चॅलेंजरचं पेट्रोल मी कमी सांगितलं असेल का?"

मी त्यांना घरी घेऊन आले. पोहे करायला घेतले आणि ते स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले. म्हटलं, शेवटचं काय बोलणं झालं, ते नीट सांगा.

त्यांनी सांगितलं. पूनमनं विचारलं होतं, मागच्या सीटवर लहान बाळाची खुर्ची कोणत्या गाडीत नीट बसेल? मग काय, जिभाऊंना नवा माल मिळाला. तिन्ही गाड्यांना दारं दोनच, म्हणजे पुढची सीट वाकवून मागं शिरायचं. हे जमतं का, ते बघायला त्यांनी स्वतःच्या छोट्या गाडीत, मागची दारं नाहीतच असं धरून, पिठाचा डबा पुढून आत घालून आणि बाहेर काढून पाहिला होता. सोसायटीचा वॉचमन दार धरायला. मग पूनमला लांबच लांब बोललेले निरोप पाठवले. कॅमारोत पोराला बाहेरचं काही दिसणार नाही. मस्टँगमध्ये ठेवणाऱ्याची कंबर मोडेल. चॅलेंजरमध्ये त्यातल्या त्यात सोय आहे, पण दार एवढं लांब की पार्किंगला शेजारी जागा पाहिजे. "सगळं सांगितलं बाई, काही सोडलं नाही. तिनं 'ठीक आहे आबा' लिहिलं, आणि तेव्हापासून हे असं."

मी गॅस बंद केला. "जिभाऊ, बाळाची खुर्ची कोणाला लागते?"

"ज्याच्या घरी बाळ आहे त्याला."

"पूनमच्या घरी आहे?"

"नाही."

"मग?"

तरीही खरंच काही कळलं नाही त्यांना. मला इतका राग आला त्या माणसाचा! मी ओरडलेच, "अहो, पोरगी पोटुशी आहे तुमची! आईला सांगितलं असतं तिनं, आईनं तुमच्या कानावर घातलं असतं. आता आई नाही, तर तिनं कोणाच्या तोंडून सांगायचं? गाडीवरून सांगितलं. आणि तुम्ही पिठाचा डबा काय नाचवताय!"

आमच्या घरांमधून हे असंच असतं, तुम्हालाही माहीत आहे. मुलगी असली गोष्ट बापाशी बोलत नाही. आई रात्रीच्या जेवणात गोड करते, बाप विचारतो आज काय विशेष, आणि मग आई सांगते. पूनमनं जेवढं बापाला सांगता येईल तेवढं सांगितलं होतं. पलीकडून आनंदाचा शब्द नाही, उलट कंबर मोडेल आणि कटकट होईल एवढंच. आबांचा राग अजून गेलेला नाही, बाळावरसुद्धा आहे, असं तिनं धरलं, तर तिचं काय चुकलं?

"माले समजनं नही," जिभाऊ म्हणाले. घरची अहिराणी ते आमच्याशी कधी बोलत नसत. "माले समजनंच नही, बाई." आणि स्टुलावर बसल्या बसल्या रडायला लागले. पुरुष माणूस स्वयंपाकघरात असा हुंदके देऊन रडताना मी पाहिला नव्हता. मलाही रडू आलं. पोह्यांचा लगदा झाला.

"आता लावा फोन."

"काय बोलू?"

"काहीही बोला. गाडी सोडून."

त्यांनी फोन लावला. तिकडे शनिवारची रात्र होती. बराच वेळ वाजला आणि उचलला तो पुरुषाच्या आवाजानं. जिभाऊंनी माझ्याकडे घाबरून बघितलं. मी हातानं खूण केली, बोला बोला! त्यांनी घसा साफ केला आणि मार्केटातल्या गुजरातीत म्हणाले, "जमाईराज... केम छो?"

पलीकडून हळूच ऐकू आलं, "मजामां, पप्पा."

"मारी दीकरीने फोन आपो ने, बेटा."

पूनम फोनवर आली असावी. जिभाऊंनी डोळे मिटले. जन्मभर दोन माणसांच्या मधे बसून दुसऱ्यांचा माल दाखवणारा हा माणूस. आता मधे कोणीच नव्हतं. त्यांनी जे विचारलं, ते खानदेशातल्या कुठल्या बापानं लेकीला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

"कितला महिना व्हयनात, बेटा?"

पूनमचं रडणं मला ओट्यापाशी ऐकू आलं. चौथा म्हणाली. मग जिभाऊ बोलत सुटले. तुझी आई असती तर तिनं विचारलं असतं, म्हणाले. मी चुकलो, मला आनंद झाला, मला फार आनंद झाला. आवाज ऐकून आत आलेल्या ह्यांना मी हाताला धरून बाहेर नेलं, तर हे दारातून वळून वळून बघतायत. शेवटचं मात्र आम्ही दोघांनीही ऐकलं. "बाळंतपणले मी येस," जिभाऊ म्हणत होते. "मी येस, बेटा."

पहिलं बाळंतपण माहेरी. पूनमला एवढा प्रवास करता येणार नव्हता, सासूबाईंचे गुडघे त्यांना विमानात बसू देणार नव्हते, तेव्हा माहेरच उठून निघालं. माझ्या ओट्याशी उभं राहून जिभाऊ डिंकाचे लाडू करायला शिकले. साजूक तुपातला डिंक चांगला की साधा तळलेला, यावर त्यांनी मला दीड तास छळलं. लिंबायतमधल्या एका म्हाताऱ्या मालीशवालीकडे जाऊन टॉवेलची गुंडाळी पायांवर घेऊन तेल कसं लावायचं तेही बघून आले. म्हातारी लाजून लाजून बेजार.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाऊन आले, तर आम्ही विचारलं काय झालं. म्हणाले, साहेबानं विचारलं कशाला जायचंय, आणि परक्या माणसापुढं बाळंतपण म्हणायची लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "गाडी बघायला." कोणती, म्हणून साहेबानं विचारलं. मग जिभाऊंनी त्याच्यापुढं माल उघडला. हे खरं की आम्हाला हसवायला रचलेलं, ते आजतागायत कळलेलं नाही. व्हिसा मिळाला एवढं खरं.

ते अमेरिकेला गेले त्याला आता बरेच दिवस झाले. समोरच्या दाराला कुलूप आहे. रविवारी सकाळी हे टीपॉयपाशी पेपर घेऊन बसतात, चहा गरम असताना पितात आणि करमत नाही म्हणतात. मी टोमणा मारायला तोंड उघडते आणि मलाही करमत नसतं.

परवा पूनमनं फोटो पाठवला. हॉस्पिटलच्या बाहेर जिभाऊ उभे आहेत, कानटोपी, कोणाचा तरी भला मोठा कोट. हातात नात. इतकी गुंडाळलेली की नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. बाजूला जावई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून वाकलाय. मागं पूनमची गाडी उभी आहे, पण वरून खालपर्यंत बर्फानं झाकलेली. पांढरा ढिगारा नुसता.

ह्यांनी फोटो मोठा केला, आडवा केला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला. "छत जरा बसकं वाटतंय," म्हणाले, "पण रुंदी चॅलेंजरची आहे. की मस्टँगच?" मग मला म्हणाले, "फोन लावून विचारू का, शेवटी कोणती घेतली?"

मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "राहू द्या. जिभाऊंनासुद्धा सांगता येणार नाही." फोटोत जिभाऊंची पाठ गाडीकडे होती आणि बाळाचा चेहरा जवळून बघायला त्यांनी मान इतकी खाली घातली होती, की त्यांचा स्वतःचा चेहरा आम्हाला दिसतच नव्हता.